चार ब्रेक आणि दोन सह्या

मी दौंडची. म्हणजे जन्म तिथला, शाळा तिथली, लग्न होईपर्यंत सगळं तिथंच, रेल्वेच्या क्वार्टरात. वडील सांधेवाले होते, अण्णा म्हणायचो आम्ही त्यांना, यार्डात गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो सांधा बदलायचं त्यांचं काम. आता तुम्हाला वाटेल पोरीला लहानपणापासून इंजिनाचं वेड असणार न् म्हणून ही इथवर आली, तर तसलं काही नाही, मला त्या यार्डाचा कंटाळा होता, कपडे वाळत घातले की काळे व्हायचे न् आई मलाच परत धुवायला लावायची. मी बी.कॉम. केलं ते त्या यार्डातून सुटायला. न् सुटून कुठं आले, तर ऑकलंडच्या यार्डात. काय सांगू तुम्हाला, नशिबाला पण चेष्टा सुचते.

आले नवऱ्यामागं. प्रमोद कॉम्प्युटरवाला, त्याचं ऑफिस अल्बनीला, घर आम्ही घेतलं हिल्सबरोला, रोज तो खाडीवरचा पूल ओलांडून जातो न् रोज ट्रॅफिकला शिव्या देतो. मला आधी माउंट वेलिंग्टनला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम मिळालं, कागदं करायची, कुठला माल कुठल्या डब्यात चढला ते. माझ्या टेबलासमोर खिडकी न् खिडकीबाहेर रूळ. दिवसातून दोनदा एक पिवळं इंजिन डबे घेऊन यायचं, एक म्हातारा चालवायचा, खाली उतरायचा, ब्रेक बांधायचा, मला हात करायचा. वर्षभर मी बघितलं. मग एक दिवस त्या लाईनीच्या मालकाला, ग्रँटला, जाऊन विचारलं, माणूस हवाय का? तो म्हणला, खाली जमिनीवरचं काम आहे, पाऊस, चिखल, ऑफिस नाही. मी म्हणलं, माझ्या बापाचा जन्म ह्यातच गेला, चिखलाचं मला नका सांगू.

लाईन केवढी म्हणाल तर चहा गार व्हायच्या आत संपते एवढी. मोठी रेल्वे डबे आणून आमच्या तोंडाशी सोडते, तिथनं ते एकेकाच्या दारात न्यायचे न् रिकामे परत आणून द्यायचे, एवढंच काम. तीन गिऱ्हाइकं, एक पोलादाच्या गुंडाळ्यांचं गोदाम, एक पुठ्ठ्याचा कारखाना, न् ते आमचं कोल्ड स्टोरेज. दोन इंजिनं, त्यातलं एक कायम खोललेलं. माणसं सहा. पण ही सहा माणसं नसती तर तेवढा माल ट्रकनं गेला असता न् तो रस्ता आधीच असा तुंबलेला असतो की विचारू नका.

तो म्हातारा म्हणजे हेमीकाका. माओरी, म्हणजे इथला मूळचा माणूस, पासष्टीचा, दाढी पांढरी, हात असे रुंद. त्यांना मी काका म्हणते हे त्यांना पहिले सहा महिने माहीत नव्हतं, घरी म्हणायचे, तोंडावर नुसतं हेमी म्हणताना जीभ अडखळायची माझी. सगळं त्यांनी शिकवलं. रेडिओवर कसं बोलायचं, डबे जोडताना तीन डब्यांचं अंतर, दोन, एक, अर्धा असं सांगत राहायचं, न् सांगणारा गप्प झाला की चालवणाऱ्यानं जागीच थांबायचं. म्हणले, सू, आपल्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे धोका. माझं नाव सुनंदा, तिथं सू. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, वहीत लिहिलं की अंगात येतं असं थोडंच आहे.

आता पद्धत ऐका, कारण सगळं ह्याच्यावरच आहे. डबे सोडून इंजिन बाजूला न्यायचं असेल तर डब्यांचे हॅन्डब्रेक बांधायचे. प्रत्येक डब्याला एक चाक असतं, ते फिरवून आवळायचं. आमच्यात चालवणारा बांधतो न् जमिनीवरचा माणूस मागनं जाऊन प्रत्येक चाकाला स्वतःचा हात लावून बघतो, घट्ट आहे का, नसलं तर आवळतो. मग कागदावर दोन सह्या, बांधले त्याची न् तपासले त्याची. पहिल्या दिवशी मी हेमीकाकांच्या मागं गेले, चाकाला हात लावला, न् त्यांनी मागं वळून बघितलं. सहजच बघितलं असेल. पण मला असं वाटलं, सासूबाईंनी भाजी केलीय न् मी त्यांच्यादेखत ती चाखून वरनं मीठ घालतेय. ज्या माणसानं मला ब्रेक म्हणजे काय ते शिकवलं त्याचाच ब्रेक मी तपासायचा? आपल्याकडं असं करतं का कुणी? तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी मागनं नुसती चालायला लागले. चालायचे, बघायचे, सही करायचे. दोन वर्षं.

तो दिवस गुरुवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. पोलादाचे सहा भरलेले डबे होते, एकेक डबा म्हणजे डोंगर. ते आम्ही वरच्या लाईनवर उभे केले, तिथं उतार आहे, डोळ्याला दिसत नाही पण पाणी सांडलं की कळतो. न् उताराच्या तळाला रस्ता. तिथं फाटक नाही, घंटी नाही, गाडी न्यायची तर आमच्यातलाच एक जण रस्त्यात उभा राहून वाहतूक थांबवतो. हेमीकाकांनी चार ब्रेक बांधले, घट्ट असले तर सहा डब्यांना चार पुरतात, मी मागनं चालले, सही केली, इंजिन सोडवलं, न् ते पुठ्ठ्याच्या कारखान्याकडं रिकामे डबे आणायला गेले. मी सांध्यापाशी थांबले.

डब्यांत हवेचा ब्रेक असतो, इंजिन गेलं तरी हवा थोडा वेळ धरून ठेवते. हळूहळू हवा उतरते, मग फक्त हॅन्डब्रेक. म्हणून आधी काही कळत नाही. मी थर्मास उघडला होता, कप भरला होता, न् कर्र असा आवाज आला. मी बघितलं तर शेवटच्या डब्याचं रुळावरचं चाक आधी जिथं होतं तिथं नव्हतं. एवढंच. एक वीत. मला वाटलं भास झाला, परत बघितलं तर दोन वीत.

काय सांगू तुम्हाला, त्या वेळी माणूस विचार करत नाही म्हणतात ते खोटं आहे, मी सगळा विचार केला. डब्यावर चढून ब्रेक आवळावा का, तर चालत्या डब्यावर चढायचं नाही हा नियम, न् चढले असते तरी त्या वजनापुढं माझ्या दोन हातांचं काय चालणार. मग रस्ता. मी रेडिओवर ओरडले, डबे सुटलेत, डबे सुटलेत, न् पळत सुटले. डबे माझ्या शेजारनं, माझ्याच चालीनं, आधी मागं मग बरोबरीला. आवाज नाही फारसा, तेच वाईट. रस्त्यावर एका बाजूनं ट्रक येत होता न् दुसऱ्या बाजूनं निळी गाडी, आत एक बाई, मागच्या सीटवर लहान मूल. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले हात पसरून. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, न् करकचून ब्रेक दाबला. ती बाई माझ्याकडं बघत होती, डब्यांकडं नाही, तिला वाटलं असेल ही वेडी कोण. थांबली. माझ्यापासनं दोन हातांवरनं पहिला डबा गेला, मग दुसरा, मग सगळे सहा, न् पुढं चढ लागला, कोल्ड स्टोरेजचं गेट मोडून तिथं थांबले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ते मूल मला टाटा करत होतं. मी तिथंच फुटपाथवर बसले.

ग्रँट आला, हेमीकाका आले. ग्रँटनं कागद हातात घेतला न् विचारलं, बांधले कुणी, तपासले कुणी. हेमीकाका म्हणले, बांधले मी न् तपासले सूनं, ही बघ तिची सही, ही पोरगी कधी चुकत नाही. असं अभिमानानं म्हणले हो ते. न् मी गप्प. ग्रँट म्हणला, मग दोघांनी नीट केलंय म्हणजे डब्यांचेच ब्रेक सैल असणार, डबे काही आपले नाहीत, परवा सरकारी तपासणीवाली बाई येतेय, तिला हेच सांगू. तसं सांगितलं असतं तर सगळं निभावलं असतं. माझं लायसन्स, लाईन, सहा जणांची कामं. खरं सांगितलं तर दोन वर्षांच्या खोट्या सह्या बाहेर येणार न् लाईन चालवायची परवानगीच जाईल का काय ते कुणाला माहीत.

आई तेव्हा आमच्याकडं होती, दर वर्षी सहा महिने येते. मी जेवले नाही तर तिला कळलंच. मुलगी माझी म्हणत होती, मम, जस्ट से द ब्रेक्स वेअर फॉल्टी, नोबडी गॉट हर्ट. प्रमोद म्हणत होता, आधी वकिलाला विचारू. आई शेंगा सोलत होती, तिनं एकच विचारलं, तू चाकाला हात लावला होतास का गं? मी म्हणलं, नाही. ती म्हणली, मग नाही म्हणून सांग, त्यात वकील कशाला? न् सोललेल्या शेंगा घेऊन उठून गेली. राग आला मला तिचा, म्हणलं हिला काय जातंय बोलायला. पण रात्रभर दुसरं उत्तर काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी हेमीकाकांना सांगितलं, त्यांच्या गाडीत बसून. म्हणलं, मी कधीच तपासले नाहीत, तुम्हाला कमीपणा येईल म्हणून. मला वाटलं ओरडतील. त्यांनी शर्टाचं बटण काढून खांदा दाखवला, सुजलेला. म्हणले, दीड वर्ष झालं हा हात वर जात नाही, चाक पूर्ण आवळता येत नाही मला. मला माहीत होतं. पण मागनं तू येतेस, तू आवळतेस, म्हणून मी घरी बसलो नाही. सू, मी तुझ्या भरवशावर बांधत होतो.

बघा आता. मी त्यांच्या भरवशावर, ते माझ्या. न् त्या चाकाला धड कुणाचाच हात नाही. मी रडले तिथं, लाज सोडून रडले. त्यांनी काही थोपटलं वगैरे नाही, खिडकीबाहेर बघत राहिले, त्यांना लागलं होतं ते. मी ज्याला मान देणं म्हणत होते त्यानं त्या माणसाला एकट्याला टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं न् अजून सलतं.

तपासणीवाल्या बाईंना दोघांनीही सांगितलं, त्यांनी खांद्याचं, मी सह्यांचं. ग्रँटचा चेहरा पांढरा पडला. सात आठवडे लाईन बंद. पोलादवाल्यानं माल ट्रकवर घातला तो परत आलाच नाही, सहातले दोघं दुसरीकडं गेले, त्यातला एक अजून रस्त्यात दिसला तर मान फिरवतो, फिरवू दे, त्याचं बरोबर आहे. मला परत परीक्षा द्यावी लागली. न् हेमीकाकांनी काम सोडलं. मी दिवाळीला चकल्या घेऊन गेले होते त्यांच्याकडं, किया ओरा म्हणले, त्यांचा तो नमस्कार, डबा घेतला, खांद्याचं ऑपरेशन कसं झालं ते सांगितलं, पावसाचं बोलले. इंजिनाचं मी काढलं नाही न् त्यांनीही नाही.

आता मी चालवते. बांधते मी न् मागनं तपासतो सिओने, टोंगा बेटांवरचा माणूस आहे, चाळिशीचा, चर्चमधे गाणारा, मला आन्टी म्हणतो न् मी बोलत असताना मान खाली घालतो. त्याची ती मान बघितली न् म्हणलं हा पण आपल्यातलाच. पहिल्याच दिवशी त्याला सगळं सांगितलं, हे तुम्हाला सांगितलं तसंच. तो म्हणला, येस आन्टी. येस आन्टीवर माझा काय विश्वास बसणार? मीच कितीदा येस म्हणले होते. महिनाभर मी बांधून झालं की लांब उभी राहून त्याचा हात बघायचे, चाकाला लागतो का नाही. लागायचा, पण असा, देवाच्या मूर्तीला लावावा तसा.

न् मागच्या आठवड्यात, ऐन स्मोकोच्या, म्हणजे चहाच्या सुट्टीच्या आधी, घाई सगळ्यांना, मी चार बांधले न् निघाले. तो तिसऱ्या डब्यापाशी उभा. हलेना. मी म्हणलं, काय रे? तो घाम पुसत, माझ्याकडं न बघता म्हणला, सॉरी आन्टी, हा सैल आहे.

मी म्हणलं, शक्य नाही. असंच म्हणलं. कानापर्यंत तापले, खोटं कशाला सांगू, मनात आलं, दोन दिवसांचा हा, मला सांगतो. गेले, हात लावला. सैल होता. अर्धा फेरा. मी आवळला, त्यानं परत हात लावून बघितला, सही केली, न् आम्ही चहाला गेलो. कप हातात येईपर्यंत माझा राग गेला पण होता. दोन मिनिटं, जास्तीत जास्त. हेमीकाकांना पण तेवढाच आला असता.

सिओनेकडं बघून मनात एवढंच म्हणलं, देवा, ह्याला असाच उद्धट ठेव.