लाल लोकरीची रोपं

— अहो चावत नाहीत साहेब, हात झटकू नका, चालू द्या त्याला मनगटावरून! माणसाला ते तोंड लावत नाहीत. गुलाब द्या, कोबी द्या, ढुंकून बघणार नाहीत. जलपर्णी पाहिजे, फक्त जलपर्णी. तांदळाएवढा सोंडकिडा, पण ऐट बघा की! आमचे हे म्हणतात, माझ्याकडे कधी एवढ्या कौतुकानं बघितलं नाहीस. म्हटलं, तुम्ही कधी तळं साफ केलंत? — आणि साफ म्हणजे काय! सात वर्षांपूर्वी या खिडकीतून पाणीच दिसायचं नाही, नुसतं हिरवं. होड्या अडकायच्या. यंत्र लावलं, औषध मारलं — महिन्यात परत तेवढंच. मग तीनशे किड्यांची एक पेटी आली, आणि ते वाढवायला मी. सगळे हसले. किडेवाली म्हणायचे. म्हणेनात! पानं कुरतडली माझ्या लेकरांनी, देठ पोखरले त्यांच्या अळ्यांनी, रोपं बसली तळाला. आणि एका सकाळी पाणी चमकलं, साहेब — नाचले मी इथं, या टाक्यांच्या मधे, गमबुटात!

ती लोकर ना? माझी युक्ती. टाकीतल्या रोपावर किडे सोडले की देठाला लोकर बांधायची, दर महिन्याला वेगळा रंग. कुठलं कधीचं ते लगेच कळतं. या महिन्याचा लाल. यांचा स्वेटर उसवला, चांगला होता — बोलू नका हं कुठं.

हो, पत्र मिळालं. तळं मोकळं म्हणजे या शेडचं काम संपलं, सोमवारी टाक्या रिकाम्या. रीतच आहे. पण हे जाणार कुठं? दुसरं काही खात नाहीत, सांगितलं ना? बारा हजार आहेत. उपाशी मरतील, आणि मला ते बघवणार नाही, स्पष्ट सांगते. घरातला टब भरलाय मी, हे बादलीनं आंघोळ करतात बिचारे — पण टबात मावून मावणार किती? म्हणून म्हटलं, तळ्यात थोडी जलपर्णी राहिली असती, लव्हाळ्यामागं, कुणाच्या डोळ्यावर न येणारी, तर शेडही राहिली असती — म्हणजे जलपर्णी राहिलीच आहे म्हणा! तुम्ही त्यासाठीच आलात ना, परत उगवली म्हणून? उगवते हो, चिवट जात, बी वर्षानुवर्षं चिखलात दबा धरून बसतं. आपोआप येते. लिहा तसंच — आपोआप.

पिशवीत काय, नमुना? तिथलाच? बघू, बघू — वा, काय टपोरं रोप, आणि देठाला...

लाल आहे.

...तो मनगटावरचा तेवढा टाकीत सोडा, साहेब. हळू. आणि जाताना दार नीट ओढून घ्या, त्यांना गार वारा सोसत नाही.