दारावरचा कडुलिंब

...आणि वर कॉलेजचे सर म्हणतात, पोस्टरवर अक्षर एकही नको! एकही! आता तुम्हीच सांगा, दोनदा एम.ए. झालेला, पौडच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, जन्मभर खडू आणि जीभ झिजवून जगलेला माणूस अक्षराशिवाय करणार काय? उघडाच पडणार की! पण हौस कुणाला होती? मलाच. म्हातारपणी पुण्याच्या कॉलेजात कमर्शियल आर्ट शिकायची! आमच्या मंडळींनी, सगुणाबाईंनी, आशीर्वाद दिला तो असा, "ह्या वयात चित्रं काढताय व्हय? काढा, काढा. तेवढंच बोलायचं थांबाल."

तुम्हाला सांगतो, पहिल्याच तासाला सर आले... माझ्या मुलापेक्षा लहान... त्यांनी फळ्यावर एक उंबरा काढला, बाहेर दोन चपला. बस्स! "घरात कुणीतरी आहे," वर्ग म्हणाला. सरांनी एक चप्पल पुसून उलटी काढली. वर्ग फिसकन हसला, "भांडण चाललंय!" अहो, अंगावर काटा आला माझ्या! चार रेघा, माणूस नाही, आवाज नाही, आणि मला अख्खं भांडण ऐकू आलं, बाईचा आवाजसुद्धा ओळखीचा वाटला! एसटीत पौडपर्यंत मी नुसता बघत आलो. बैलांची रंगवलेली शिंगं, दारापुढची रांगोळी, पाटलाच्या फेट्याचा तुरा... सगळं बोलतंय! मग इतकी वर्षं मध्येच मी कशाला बडबडत होतो?

पण परीक्षा आली. आपापल्या गावात पोस्टर लावायचं, लोकांना कळलं तर पास. अक्षर एकही नको! माझ्या वाट्याला देवीची लस. शाळेत एकच दिवस टोचणारे येणार, वाड्यावस्त्यांवरची पोरं आली पाहिजेत. गेल्या साली वाडीतल्या कुशाबाची नात देवीनं गेली हो, म्हणजे विषय चेष्टेचा नाही. माझी झोप उडाली. लाल रंग लावला तर लोक घाबरतील? हिरवा लावला तर शेतीखात्याचं वाटेल? टोचणारा हसरा काढावा की गंभीर? हसरा काढला तर, टोचताना हसतो कसा मेला, असं नाही का वाटणार? शेवटी काढलं. शाळेचं दार, आत गोजिरी पोरं आणि दारावर टवटवीत कडुलिंबाचा डहाळा. का? तर निंब म्हणजे आरोग्य! श्लोक पाठ आहे मला. पोस्टर शाळेच्या दारालाच ठोकलं.

टोचणारे आले. माश्या मारत बसले. कुणी नाही! मग वाडीवरचे हैबतराव दिसले, सून नि नातवंडं घेऊन. कुंपणापाशी आले, दाराकडं बघितलं, हात जोडले... आणि मागं फिरले!

"अहो हैबतराव, आत या की!"

"न्हाई गुरुजी. दाराला लिंब हाय. आई आत आल्याती. अशा घरात भाईरच्यानं शिरू न्हाई, ठावं न्हाई व्हय तुमास्नी?"

"अहो, ते चित्र आहे!"

"चित्रच सांगतंय न्हवं? समदं कळतंय आमास्नी."

कळतंय! मी गार! मागून येणारा जो तो डहाळा बघून कुंपणापाशीच थबकला! ज्या घरात देवी आली त्या दाराला लिंबाचा डहाळा बांधतात, हे मी जन्मापासून बघतोय, आणि ऐन वेळी आठवला काय, तर श्लोक! पण ताकद बघा हो चित्राची! एका डहाळ्यानं अख्खी पंचक्रोशी कुंपणाबाहेर थोपवली! मी उभी नोकरी 'शांत बसा' म्हणून ओरडलो, एक बाक कधी शांत बसला नाही! भीतीही वाटत होती आणि हात जोडावेसेही वाटत होते. पण पोरांचं काय? मी पायरीवर चढलो आणि लसीचा इतिहास सांगायला लागलो. पहिल्या वाक्याला लोक दहा पावलं मागं गेले, दुसऱ्याला रस्त्याला लागले.

इतक्यात सगुणाबाई माझा डबा घेऊन आल्या. दाराकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, माझ्याकडं तर असं बघितलं की विचारू नका. "तुमी गप ऱ्हावा. एकदम गप." झालं, पुढं अक्षर एकही नाही! डबा उघडला, माझा दहीभात पानावर काढला, दारात ठेवला. हळदकुंकू वाहिलं. पोस्टर उतरवून डोक्यावर घेतलं आणि ताठ मानेनं नदीकडं निघाल्या. सगळा गाव बघतोय! आईची पाठवणी चाललीय, हे सांगायला लागलं का कुणाला? पाण्यात माझं चित्र सोडलं, नमस्कार केला, ओल्या पायांनी परत आल्या आणि आपली बाही वर करून सगळ्यांत आधी टोचून घेतलं. तुम्हाला सांगतो, तोंडातून शब्द नाही, आणि मागोमाग हैबतरावांची सून, नातवंडं, कुशाबा, सगळी वाडी! असली बाई माझ्या घरात राहते, आणि मी हे शिकायला पुण्याला जातो?

दुपारी पोस्टर तपासायला सर आले. रांग फाटकाबाहेर गेलेली. मी घडलं ते सगळं सांगितलं, अर्थातच लांबण लावून. सर रांगेकडं बघून म्हणाले, "काकू पास, पहिल्या वर्गात. पण काका, या सगळ्यात तुमचं काय?"

मी म्हटलं, "कागद माझा होता. आणि दहीभात."