शेठचं पोट

नाही नाही, माणसांचा नाही हो, मांजरांचा! किती वेळा सांगू? बसा, खुर्ची मागे नका सरकवू. तुम्हाला सांगतो, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी करोना म्हटलं ते म्हटलं, मी तो शब्द घरी आणायलाच नको होता. आमच्या हिनं हातातलं फडकं तोंडाला लावलं ते लावलंच! अगं, मांजरांचा वेगळा असतो, माणसाला काही होत नाही. "तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात?" नाही बाई, मी शिंपी.

शिंपी! तिथंच तर घात झाला. बोका माझा, दिवसभर मशीनशेजारी चिंध्यांवर लोळायचा, म्हणून त्याला शेठ म्हणायचो. त्याचं पोट सुटायला लागलं. मी टेप लावली, वाढलेलं! परत लावली, आणखी वाढलेलं! मला कोण आनंद! अहो, आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची कंबर वाढली की समजायचं, घरचं बरं चाललंय. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, पोटुशी दिसते हो!" वहिनी, बोका आहे तो!... हसलो आम्ही. खूप हसलो.

मग तो ताटलीकडे बघेना. अंग तापलेलं. पिशवीत घालून नेला. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. मणका न् मणका लागला हो हाताला! "आजोबा, हे बाळसं नाही, पोटात पाणी झालंय. हा विषाणू पुष्कळ मांजरांच्या आतड्यात असतो, बहुतेकांना काही करत नाही. एखाद्यात बिघडतो." एखाद्यात! एवढ्या मांजरांत माझाच शेठ सापडला? "औषध आहे, सुरू करू... पण उशिरा आणलंत." उशीर? बाई, मी तर मापत होतो! पोट मापलं, पाठ नाही मापली...

इकडे घरी तमाशा. वहिनी जिन्यातूनच ओरडायच्या, "काका, ब्लाऊज दारात ठेवा, मी काठीनं उचलते!" वहिनी, माणसाला काही होत नाही! ही म्हणे, "त्याची ताटली वेगळी ठेवा." अगं, त्याची ताटली वेगळीच होती की जन्मभर! माणसाला काही होत नाही, माणसाला काही होत नाही... मी आपला सांगत सुटलो, आणि तो मांडीवर पडून, औषध ओठातून ओघळू देत, माझ्याकडे बघत राहायचा. मध्येच घुरघुरायचासुद्धा. मला बरं वाटावं म्हणून असेल.

एका दुपारी गेला. मांडीवरच. वजन उरलंच नव्हतं, कळलंच नाही मला. मी बोलतच होतो त्याच्याशी.

आता दुकान उघडतो, पण सुईत दोरा जात नाही. घास उतरत नाही. काल हिनं माझ्या कपाळाला हात लावला. ताप कुठला! तरी म्हणाली, "सांगत होते ना? लागला तुम्हाला!" आता कशाला वाद घालायचा... म्हटलं, हो गं, लागला. तर लांब सरकायचं सोडून ती जवळच येऊन बसली, आणि तोंडावरच्या फडक्यानं डोळे पुसू लागली.

तिलाही लागलेला दिसतो.