हिरव्या दाराचा व्हिडिओ

नाव: ओळखपत्राप्रमाणे नोंदवून घेतले आहे; बाजारात 'खटके' या टोपणनावाने ओळख. वय: ५८ वर्षे. धंदा: चाव्या बनवणे, कुलपे दुरुस्त करणे व नवीन बसवणे. राहणार: दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, पत्नीसह.

मी आज सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात आपणहून आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझे कुलूप-चावीचे दुकान एकतीस वर्षांपासून आहे. दुकान सहा फूट रुंद आहे. पुढे चावी कापायचे यंत्र, मागच्या भिंतीवर कोऱ्या चाव्या, मध्ये मी. दोन वर्षांपूर्वी चौकात मोठे हार्डवेअरचे दुकान झाले, तेव्हापासून माझ्याकडे कोणी फिरकेना. दिवस दिवस यंत्र चालू करायची वेळ येत नसे. माझी पत्नी शिवणकाम करते. तिच्या ओळखीच्या बायका आपापल्या कामाचे छोटे व्हिडिओ मोबाईलवर टाकत आणि त्यांना त्यावरून काम मिळत असे. ते पाहून तिने माझ्याही दुकानाचे व्हिडिओ करायचे ठरवले. मी म्हटले, "कुलपाचा व्हिडिओ कोण बघणार? कुलूप काय नाचतंय?" ती म्हणाली, "नाचायला तुम्ही आहात की."

व्हिडिओ करायला काही खर्च येत नसे. मोबाईल तिचा जुनाच. तो दोन मोठ्या कुलपांच्या मध्ये उभा करायचा आणि मागून शिवणकामातली कापडाची पट्टी बांधायची. सकाळी अकरा वाजता दुकानात ऊन येते, तेव्हाच काम करायचे. एक मिनिटाच्या आत संपवायचे. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार नाही, थेट काम दाखवायचे. गाणे लावायचे नाही, कुलपाचा खटका ऐकू आला पाहिजे. शेवटी दुकानाचा पत्ता. हे सगळे नियम तिचे. माझा एकच नियम होता, की चावीचे दात दिसू द्यायचे नाहीत. दात स्पष्ट दिसले तर कोणीही जाणता कारागीर नुसते बघून तशी चावी कापू शकतो. म्हणून मी दातांवर अंगठा ठेवत असे. ती चिडायची. म्हणायची, "प्रत्येक व्हिडिओत तुमचा अंगठाच! उद्या लोक चावी सोडून अंगठा मागायला येतील."

आमच्या धंद्यात आणखी एक नियम आहे. गिऱ्हाइकाला कुलूप का बदलताय असे विचारायचे नाही. घरात भांडण झालेले असते, कोणी गेलेले असते, कोणावरचा विश्वास उडालेला असतो. आपण कुलूप बसवावे आणि निघावे. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. एकतीस वर्षांत मी कोणाला विचारले नाही आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले की, याचा गुन्ह्याशी काय संबंध. संबंध आहे, म्हणूनच सांगत आहे.

दिनांक ४ फेब्रुवारी रोजी दुपारी एक बाई दुकानात आल्या. साहेबांनी येथे 'मयत' असा शब्द लिहिला होता. त्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या होत्या, म्हणून 'त्या बाई' असे लिहावे अशी मी विनंती केली. आमच्याच रस्त्यावरच्या लॉन्ड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांनी नुकतीच खोली भाड्याने घेतली होती. त्या म्हणाल्या, "आतून-बाहेरून दोन्हीकडून चावी लागेल असं कुलूप पाहिजे. मजबूत. बाकी काही नको." मी त्यांना तीन वेळा फिरणारे कुलूप दाखवले. त्यात चावी जितक्या वेळा फिरवाल तितका दांडा चौकटीत खोल जातो. तिसऱ्यांदा फिरवले की दार फोडायला चौकटच काढावी लागते. त्यांनी लगेच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी व पत्नी त्यांच्या खोलीवर गेलो. दार हिरव्या रंगाचे आहे. घरात एक गादी, एक शेगडी, दोन पिशव्या आणि साधारण सहा वर्षांची मुलगी होती. मुलीचा पुढचा दात पडलेला होता. कुलूप बसवून झाल्यावर बाईंनी आतल्या बाजूला चावी अडकवायला खिळा ठोकायला सांगितले. तो मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर पाहिजे होता. मी गमतीने म्हटले, "ताई, चोर एवढ्याच उंचीचा येणार आहे का?" मुलगी खूप हसली. बाई थोड्या हसल्या. मुलीने हात वर करून दाखवला तिथे मी खिळा ठोकला.

मी व्हिडिओ करू का, असे विचारले. बाईंनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "चेहरा नको. माझाही नाही, हिचाही नाही." मी म्हटले, "फक्त हात दिसतील, माझा शब्द." शब्द मी पाळला. व्हिडिओत हिरवे दार आहे, कुलूप आहे, माझे हात आहेत. चावीच्या दातांवर माझा अंगठा आहे. नंतर दार लागते आणि आतून मुलगी चावी फिरवताना मोजते, तो आवाज आहे. "एक, दोन, तीन." मग दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईंचा आवाज येतो, "शाब्बास गं माझी राणी. आता उघड." मग मुलगी उलटे मोजते आणि दार उघडते. हे आम्ही त्यांना करायला सांगितले नव्हते. त्या दोघींचे ते आधीपासून ठरलेले होते. मला तो खेळ वाटला. एवढ्या लहान मुलीला आई कुलूप लावायचा सराव का देते, हे मी विचारले नाही.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी व्हिडिओ पाहिला. मी म्हटले, "बोलणं काढून टाक, खटका नीट ऐकू येत नाही." पत्नी म्हणाली, "राहू द्या हो. लेकराचा आवाज आला की माणूस थांबून बघतो." मी बरे म्हटले. दुकान माझे आहे व शेवटचा शब्द माझा असतो, त्यामुळे हा निर्णय माझा म्हणून लिहावा. पत्नीला यात घेऊ नये.

व्हिडिओ ६ तारखेला टाकला. आमचे व्हिडिओ एरवी दोनशे-तीनशे माणसे बघत. हा आठ दिवसांत एकेचाळीस हजारांनी पाहिला. फोन वाजायचा थांबेना. सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर माणसे उभी असत. माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. दुकानाच्या फळीवर मी 'व्हिडिओवाले' असे रंगवून घेतले.

दिनांक १९ फेब्रुवारी रोजी दुपारी चार वाजता एक इसम दुकानात आला. वय चाळीसच्या आसपास, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. आवाज मऊ होता. त्याने मला काका म्हणून हाक मारली आणि मोबाईल पुढे करून विचारले, "हा व्हिडिओ तुमचाच ना?" मी हो म्हटले. त्याने व्हिडिओ लावला. मुलगी मोजते तो भाग त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकला. म्हणाला, "आवाज छान आलाय." मला वाटले कुलपाचा आवाज म्हणतोय. मी त्याला दांडा कसा सरकतो ते दहा मिनिटे समजावून सांगितले. माझ्यापुढे कोणी कुलपाचा विषय काढला की मला भान राहत नाही.

तो म्हणाला की, त्याला असेच कुलूप आईच्या घराला बसवायचे आहे, पण एकदा बसवलेले बघायला मिळाले तर बरे. यात मला काही वावगे वाटले नाही, कारण आमच्याकडे पद्धतच तशी आहे. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहे की माझ्या बोलण्यावर जाऊ नका, केलेले काम बघून या. मी यंत्र बंद केले, पायरी उतरून रस्त्यावर आलो आणि हाताने दाखवले. मी म्हटले, "ती लॉन्ड्री दिसते? वर दुसरा मजला, हिरवं दार. बाई चांगल्या आहेत, माझं नाव सांगा." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "फार उपकार झाले, काका." त्या वेळी चार वाजून वीस मिनिटे झाली होती. साडेचारला एक गिऱ्हाईक यायचे होते म्हणून मी घड्याळ पाहिले होते.

तो इसम त्या बाईंचा नवरा आहे आणि त्याच्या मारहाणीला कंटाळून त्या मुलीला घेऊन चार महिन्यांपूर्वी निघून आल्या होत्या, हे मला नंतर येथे ठाण्यात कळले.

पुढचे मी स्वतः पाहिलेले नाही. लॉन्ड्रीवाल्याने सांगितले ते असे. तो इसम बराच वेळ समोरच्या बाजूला उभा होता. पाचच्या सुमारास बाई दूध आणायला बाहेर पडत होत्या, तेव्हा तो जिना चढून वर गेला. बाईंनी त्याला पाहिले. त्या आत पळाल्या नाहीत. तो एका हाताच्या अंतरावर होता, दार लावेपर्यंत आत आला असता. त्यांनी बाहेर उभे राहून दार ओढून घेतले आणि ओरडल्या, "तीन वेळा फिरव!" आतून कुलूप लागल्याचा आवाज लॉन्ड्रीवाल्याने खालपर्यंत ऐकला. त्यानंतर त्या इसमाने त्यांना जिन्यावरून ढकलले. लॉन्ड्रीतल्या माणसांनी त्याला पकडून ठेवले.

साडेपाचला ठाण्यातून मला फोन आला, की दार उघडायला या. मी लगेच गेलो. बाईंना रुग्णवाहिकेने नेले होते. जिना कोणीतरी धुतला होता, पायऱ्या ओल्या होत्या. आत मुलगी होती आणि दार उघडत नव्हती. चावी आतून लावलेली असल्यामुळे बाहेरून माझ्या हातात काही नव्हते. शिपाई दार फोडायला निघाले. मी त्यांना थांबवले. ते दार तासभर तुटले नसते. मी बसवलेले कुलूप आहे.

मी दारापाशी खाली बसलो आणि हाक मारली. आतून विचारले, "कोण?" मी म्हटले, "मी, खिळा ठोकणारा काका." ती म्हणाली, "आईचा आवाज आल्याशिवाय उघडायचं नाही." मी नाना प्रकारे समजावले. तिच्या पडलेल्या दाताची चौकशी केली. त्या इसमाला नेले, आता कोणी नाही, असे सांगितले. ती दर वेळी तेच वाक्य सांगत होती. रडत नव्हती. अर्धा तास गेला. एका शिपाईबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की आईचा आवाज आता मिळणार नाही, त्या शुद्धीवर नाहीत.

तेव्हा मी खिशातून मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. तिची मोजणी संपते तिथपर्यंत तो पुढे सरकवला, दाराच्या फटीपाशी मोबाईल धरला आणि आवाज पूर्ण मोठा केला. "शाब्बास गं माझी राणी. आता उघड."

आतून लगेच चावी फिरली. ती मोजत होती. तीन, दोन, एक. दार उघडले. तिने आधी माझ्या मागे पाहिले, मग जिन्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिले. व्हिडिओ तोवर पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला होता.

मी दोनदा रुग्णालयात गेलो. मला त्या बाईंचे पाय धरायचे होते. नात्यातला नाही म्हणून आत सोडले नाही. दिनांक २१ रोजी पहाटे त्या गेल्या. मुलगी तिच्या मावशीकडे आहे. मावशींनी निरोप पाठवला की, मुलगी कोणत्याही हाकेला ओ देत नाही, समोर येऊन उभे राहावे लागते. तिने शिकलेली एकुलती एक खूण मी खोटी करून ठेवली आहे.

व्हिडिओ पुरावा असल्यामुळे काढू नये असे मला सांगण्यात आले, म्हणून तो अजून तसाच आहे. आता तो दोन लाखांवर गेला आहे. खाली लोक लिहितात, बाळ किती गोड मोजतंय. आतापर्यंत अकरा जणांनी 'हेच कुलूप पाहिजे' म्हणून फोन केला. दुकान १९ तारखेपासून बंद आहे. पत्नीने त्या दिवसापासून मोबाईल हातात घेतलेला नाही. तो मी आज येथे जमा करत आहे.

पत्ता दाखवणे हा गुन्हा होत नाही, तुम्ही घरी जा, असे मला याआधी दोनदा सांगून परत पाठवले. मी शिक्षा मागायला आलेलो नाही. जो कागद न्यायालयात जाईल, त्यात ही गोष्ट असावी एवढ्यासाठी आलो आहे. चावीचे दात मी अंगठ्याने झाकले आणि माणसे उघडी ठेवली. मोठी झाल्यावर त्या मुलीने कधी विचारले की तो वरपर्यंत आला कसा, तर तिला कोणीतरी खरे सांगावे.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'सदर इसमाने पत्ता मिळवला' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आणि त्यावर 'मी रस्त्यावर येऊन हाताने दाखवला' असे लिहून घेतले. आता बरोबर आहे.