नाशपातीच्या बागेची रांग

चीनची राजधानी छांगआन, तिथल्या राजवाड्यात, नाशपातीच्या बागेत सम्राटांनी नवी संगीतशाळा काढली होती. निवडीच्या रांगेत ढोलवाल्या श्वेच्या पुढे एक पिकल्या मिशांचा बासरीवाला बायकोशी कुजबुजत होता.

“चल घरी. जन्मभर मयतालाच वाजवलं मी.”

“सुरातच वाजवलंत ना?”

“इथे सम्राट स्वतः शिकवतात म्हणे. एक सूर चुकला तरी थांबवतात.”

“थांबवू देत की! चाळीस वर्षं तुम्ही वाजवताय नि लोक रडतायत. कान देऊन ऐकलंय कुणी?”

“पुढचा कोण?” दारातून कारभाऱ्याने हाक दिली.

“हे! हेच!” बायकोनेच हात वर केला.

म्हातारा आत गेला. बासरी वाजली, मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

श्वेला राहवलं नाही. “निवडलं वाटतं, काकू?”

“ते मागाहून कळेल. आत्ता शिकतायत ते. गप्प बस, ऐकू दे.”