शेवटचं वर्ष, पहिलं वर्ष

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर गुडघा चोळत बसलेल्या शिंपीकाकांना शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

“आधी जीवशास्त्राची पदवी पदरात पाड. फिजिओथेरपीचं मग बघू.”

“बाबा, दोन्ही अभ्यासक्रम जोडूनच आहेत. पदवीचं शेवटचं वर्ष, तेच तिकडचं पहिलं धरतात.”

“आणि नाही झेपलं तर? ना इकडची, ना तिकडची.”

“झेपेल. अर्धांगवायूनंतर डॉक्टर तुम्हाला म्हणाले होते, आता चालणं विसरा. ऐकलंत तुम्ही?”

“माझी गोष्ट वेगळी.”

“कशी?”

तेवढ्यात आतून बापाला हाक आली. लेकीने आधाराला हात पुढे केला.

“राहू दे,” भिंत धरून उठत तो म्हणाला. “तू नीघ, प्रवेशाची मुलाखत चुकेल. आत माझा मी जातो.”

शिंपीकाकांनी पाय आखडून त्याला वाट दिली.