पाच मिलिसेकंद

गाडीच्या नाही, चिपच्या ड्रायव्हरचं सांगून राहिलो. लाइट गेली तरी सेटिंग लक्षात राहावी म्हणून यंत्रात एक चिप असते. तिच्यात लिहिणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आमच्या कंपनीच्या सगळ्या यंत्रांत तो एकच, अन् सांभाळतो मी.

कंपनीतल्या पाण्याच्या पंपवाल्यांनी मागं लागून म्हटलं, "लई हळू लिहिते गा." मी दोन लिखाणांमधला पाच मिलिसेकंदांचा थांबा काढून टाकला. चिप लिहून राहिली असली की दुसरं काही ऐकत नाही, तेव्हा पाठवलेला आकडा वाया जातो अन् जुनाच राहतो, हे मले माहीत होतं. तरी काढला.

हप्त्यानं आमच्याच कंपनीतल्या वैशालीताईंचा फोन आला. सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं काम त्यांच्याकडे. "काहून गा, ड्रायव्हर बदलवला काय? धंतोलीच्या दवाखान्यात लाइट गेली, अन् आपला पंप जुन्याच स्पीडनं चालू झाला!"

"जुना ड्रायव्हर टाका लगेच," म्हणून मी गाडी काढली. दवाखान्याच्या पायऱ्या पळतच चढलो अन् सिस्टरले विचारलं, "पेशंट कसा आहे?"

"बरा आहे. लाइट आली की आम्ही आकडा वहीशी ताडून पाहतो. तेव्हाच दुरुस्त केला. तुम्ही कोण?"

"मी पंपाच्या कंपनीतला. चूक माझी आहे."

त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. मले बसवेना. पेशंटच्या खोलीकडे निघालो, तर म्हणाल्या, "कंपनीचे लोक येतात, लाइटले दोष देतात अन् जातात. माझी चूक म्हणणारे तुम्हीच पहिले. बसा आता."